वाऱ्याकडे तोंड केलेली गाय

१

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे एल्डोराबाईंकडे जायचे वार. टपाल, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, कॉफी, डबाबंद पीच, आणि पेलोच्या दुकानात त्या आठवड्यात शिजलेली एखादी चहाडी, एवढं पिकअपमध्ये टाकायचं आणि कच्च्या रस्त्याने बावीस मैल धुरळा खात जायचं. चहाडी विसरलो तर बाई पीचच्या डब्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

मी क्लीट फार्ली. शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तरणीच्या खणात बेडूक ठेवायला. पुढे पन्नास वर्षं उत्तर नेवाडाच्या मोकळ्या कुरणांवर दुसऱ्यांची गुरं राखली. माझा उजवा अंगठा अर्धाच आहे. फास टाकून जनावर धरलं की दोर खोगिराच्या मुठीभोवती झटकन गुंडाळायचा असतो, आणि त्या वेळी अंगठा वर ठेवायचा असतो. मी एकदा खाली ठेवला. आमच्या भागातले निम्मे म्हातारे असेच. नाचायला हात पुढे केला की बायका आधी बोटं तपासतात.

या मुलखात माझ्या मस्करीतून सुटलेला माणूस नाही. पाद्रीबाबांच्या टोपीत मी मध ओतलाय. शेरीफच्या घोड्यावर उलटं खोगीर चढवलंय, आणि तो त्यावर बसलाही. हे सगळं मी छाती काढून सांगतो. यापुढचं मात्र तसं सांगता येत नाही. म्हणून लिहितोय, लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं.

२

एल्डोरा पिकेटबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं त्या रंगीत खडूंनी गुरं काढत होत्या. गुरं, त्यांच्यामागे पसरलेलं पिवळं माळरान, आणि अगदी मागे निळे डोंगर. आमच्याकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्यांचं एक तरी चित्र आहे. खडू पक्का व्हावा म्हणून बाकीचे चित्रकार वरून फवारा मारतात म्हणे. बाई मारायच्या नाहीत. त्याने रंग मेल्यासारखे होतात म्हणायच्या. चित्र झालं की वर बटरपेपर टाकून ओसरीवरच्या फळीला टेकवून ठेवायच्या. नुसतं बोट लागलं तरी उमटेल असं नाजूक काम.

ओसरीचं तोंड पश्चिमेला. समोर तीन मैल सपाट माळ. पूर्वी कधी तिथे तळं होतं म्हणतात. रोज दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो, आणि वारा सुटला की गुरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात. कोणीही गुराखी हे झोपेतसुद्धा सांगेल. म्हणून बाईंच्या चित्रांत सगळ्या गुरांची तोंडं बघणाऱ्याकडे असतात. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी बाई कॉफी करायला आत गेल्या होत्या. मी बटरपेपर उचलला, वाळल्या गवताच्या रंगाचा एक खडू घेतला, आणि चित्रात अगदी लांब, डोंगरांच्या पायाशी, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाय काढली. अर्ध्या अंगठ्याने पुसून जरा मऊ केली. गाईचं तोंड काही मला काढता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता, ते गुरांच्या रँचवरच्या आमच्या फोरमनसारखं दिसायला लागलं. म्हणून पाठमोरी काढली, मान गवतात. अंगावर मालकाचा डागही दिला नाही.

शुक्रवारी बाईंनी विचारलं, तिकडे एखादी चुकार गाय फिरते का. मी टोपी काढून छातीशी धरली आणि शपथेवर सांगितलं की फिरते, बिनडागाची आहे, कुणाचीच नाही, मी स्वतः पाहिली. त्या दुर्बीण घेऊन बराच वेळ माळाकडे बघत बसल्या. मी पेलोच्या दुकानात येऊन हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले.

पुढचे तीन आठवडे, दर नव्या चित्रात, मी तीच गाय काढत गेलो. दर वेळी थोडी अलीकडे. पेलोच्या दुकानात शिरलो की तो गल्ल्यामागूनच विचारायचा, "काय क्लीट, गाय व्याली की नाही तुझी?"

३

चौथ्या गाईनंतर बाईंनी मला ओसरीवर बसवून घेतलं. म्हणाल्या, डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याचंही काही खरं नाही. हे फक्त शहरातल्या डॉक्टरला माहीत होतं, आणि आता मला. सप्टेंबरच्या शेवटी त्यांची भाची जुनेट बॉयझी शहरातून येणार होती, आणि मावशीला हिवाळ्यात इथे एकटीला ठेवायचं की घेऊन जायचं ते ठरवणार होती. बॉयझीत तिच्या घराला एक खोली होती. खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसायचं.

"मला गॅरेज काढायला लावतील रे," बाई म्हणाल्या. "नसलेलं दिसायला लागलं असं एकदा जुनेटला वाटलं की संपलं. तू ती गाय खरंच पाहिलीस ना?"

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी पीचचा डबा फेकून मारला असता, तो मी चुकवला असता, आणि विषय संपला असता. पण सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. या बाईच्या डोळ्यांवर आम्ही महिनाभर हसत होतो, हे सांगायला जीभ उचलली नाही.

"पाहिली ना," मी म्हणालो.

मात्र त्या दिवसापासून खडूला हात लावायचा नाही, असं ठरवलं. आणि लावला नाही. बाकी कशावर ठेवा न ठेवा, एवढ्यावर विश्वास ठेवा.

४

पुढच्या मंगळवारी नव्या चित्रावर बटरपेपर होता. बाई मागे पंपाशी होत्या. मी सहज पेपर उचलला.

गाय होती. पाठमोरी, मान गवतात, वाळल्या गवताच्या रंगाची. माझ्या चौथ्या गाईपेक्षा जरा अलीकडे.

पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, म्हातारीने ओळखलं आणि आता ती माझी फिरकी घेतेय. दुसरा संशय पेलोवर गेला. तो बास्क माणूस, मूळचा स्पेनकडचा, बोलतो कमी आणि करतो जास्त. पण पेलोला गुडघ्यांमुळे दुकानाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, तो बावीस मैल कुठला येतोय. म्हणजे बाईच. मी खूश झालो. आपल्या तोडीचं माणूस भेटलं की मला फार बरं वाटतं.

मग त्या पंपाकडून आल्या, अ‍ॅप्रनला हात पुसले, आणि म्हणाल्या, "ती गाय फारच जवळ यायला लागलीय. मी काढत नाही तिला, क्लीट. काढल्याचं आठवत नाही मला. पण चित्रात असते."

त्यांचा आवाज फिरकी घेणाऱ्याचा नव्हता. फिरकी घेणाऱ्याचा आवाज मला कळणार नाही तर कोणाला कळेल?

५

मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. शुक्रवारी चित्रावरच्या बटरपेपरच्या कोपऱ्यापासून मागच्या फळीपर्यंत घोड्याच्या शेपटीचा एक केस ताणून मधाने चिकटवला. पेपर उचलला तर केस तुटणार. मंगळवारी आलो तर केस जागच्या जागी, ताणलेला. सोडवून पेपर वर केला. शुक्रवारी मी स्वतः पाहिलेल्या चित्रात गाय होती तिथे नुसतं गवत होतं, आणि ती बोटभर अलीकडे उभी होती. खडूची भुकटीसुद्धा सांडलेली नव्हती.

मी स्वतःला समजावलं की माझीच नजर चुकली असेल. एक्काहत्तराव्या वर्षी माणसाला बोटभर इकडेतिकडे होतंच. मग मी रँचवरचा एक घोडा मागून आणला आणि चित्रात गाय जिथे होती तिथे दिवसाढवळ्या गेलो.

दुपारचे दोन वाजले होते. वारा इतका की टोपीची दोरी हनुवटीत रुतत होती. मैलभर गेलो आणि वारा बंद झाला. मंदावला नाही, बंद झाला, दार लोटल्यासारखा. चार पावलांवर गवत जमिनीला टेकत होतं, आणि माझ्या घोड्याच्या पायांशी एक पातं हलत नव्हतं. जमिनीवर खुरांची खूण नाही, शेण नाही. तिथे ऊन होतं तरी गार वाटत होतं, आणि बंद गोठ्यात येतो तसा, खूप वेळ कोणीतरी उभं राहिल्याचा उबट वास होता. गार आणि उबट एकाच वेळी कसं, ते मला विचारू नका.

घोड्याने सावकाश मान वळवून घराकडे बघितलं. मीही बघितलं. तिथून ओसरी दिसत होती, फळी दिसत होती, बाईंच्या अंगातला निळा स्वेटर दिसत होता. माझी कल्पना होती त्यापेक्षा घर पुष्कळ जवळ होतं.

बाईंना मी सांगितलं की तिकडे काही नाही. सांगून झाल्यावर आठवलं, की तिकडे गाय आहे असं आधी मीच शपथेवर सांगितलं होतं.  त्यानंतर तीन आठवडे बाई ओसरीच्या पायऱ्या उतरून माळाकडे गेल्या नाहीत. एरवी ऊन उतरलं की स्टूल घेऊन माळावर बसायच्या, आता चित्रं ओसरीवरूनच काढत होत्या. गाय प्रत्येक चित्रात होती.

६

जुनेट आली ती सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. चांगली बाई, शाळेत ग्रंथपाल, सगळं रांगेत लावायची सवय. तिने उन्हाळ्याभरची चित्रं तारखेप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मांडली. माझा वार नव्हता, पण पाहुणी येणार म्हणून बाईंनी जादा पाणी मागवलं होतं, तर मी दारात कॅन घेऊन उभा होतो.

नऊ चित्रं. नऊ गाई. पहिली तांदळाएवढी, नववी माझ्या मुठीएवढी. नवव्या चित्रात तिने मान गवतातून वर काढली होती आणि किंचित, अगदी किंचित, डावीकडे वळवली होती. गालाची कड दिसायला लागली होती. मी तिथून नजर काढून घेतली.

"मावशी," जुनेटने विचारलं, "सगळी गुरं वाऱ्याकडे पाठ करून आहेत. ही एकटीच अशी का उभी आहे?"

बॉयझीच्या ग्रंथपालाला जे दिसलं ते पन्नास वर्षांच्या गुराख्याला पहिल्या दिवशी दिसलं नव्हतं. कान तापले माझे.

बाई म्हणाल्या की माळावर अशी एक गाय आहे, क्लीटने पाहिलीय. जुनेटने माझ्याकडे बघितलं. मग मावशीकडे. ती गुपचूप कपाटातली बॅग काढायला निघणार, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. बाईंनी टेबलाची कड धरली होती. खडूने रंगलेली नखं पांढरी पडली होती.

मी कॅन खाली ठेवले आणि सगळं कबूल केलं. गाय नाही, कधीच नव्हती, मी काढली. गंमत म्हणून. दुकानात हसायला म्हणून.

"सगळ्या?" जुनेटने विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो.

ती मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. ग्रंथपालांना एवढे शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "लाज वाटायला हवी होती तुम्हाला, क्लीटकाका." आणि मग टेबलाशी बसून रडली. माझ्यावरच्या रागाने नव्हे. मावशीचं डोकं ठिकाणावर आहे, या सुटकेने. संध्याकाळपर्यंत ठरलं की बाई हिवाळा इथेच काढतील.

७

निघताना बाई मला ओसरीच्या पायरीशी गाठायला आल्या.

"पहिल्या चार तुझ्या होत्या हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या अंगठ्याचा ठसा मला कळत नाही होय? म्हटलं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही, हसू दे. ओसरीवर बसवून विचारलं तेही तू आपणहून कबूल करावंस म्हणूनच. पण पुढच्या पाचांत अंगठा नव्हता. मी घाबरले, क्लीट. खरंच घाबरले. खरं सांग. त्याही तुझ्याच?"

माझी सगळी लबाडी एका पारड्यात आणि हा एक प्रश्न दुसऱ्यात. नाही म्हणालो असतो तर त्या आत जाऊन जुनेटला तसंच्या तसं सांगणार. त्या बाईला खोटं बोलता यायचं नाही. मग बॉयझी, खोली, गॅरेज. मी माझ्या मते आयुष्यातलं एकमेव चांगलं खोटं बोललो.

"माझ्याच," मी म्हणालो. "नंतर रुमालाने पुसत होतो."

बाईंनी श्वास सोडला. महिनाभर कोंडून ठेवला असावा इतका मोठा. मग माझ्या दंडावर जोरात एक चापट मारली आणि हसल्या.

"म्हणजे तिथे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "गाढवा, ऑक्टोबरचा सगळा उजेड माझ्या नाकासमोरून गेला असता तुझ्यापायी. उद्यापासून माळावर बसते."

थांबा म्हणायला मी तोंड उघडलं. काय सांगून थांबवणार होतो? तसंच मिटलं.

८

दहा-बारा दिवस त्या रोज दुपारी आपला जुना पिकअप माळावर नेऊन काम करत होत्या. दोनदा मीही मागे उभा राहिलो. काम करताना त्या वापरलेला खडू मागे न बघता खांद्यावरून धरायच्या. तो मी घ्यायचा आणि मक्याच्या पिठाच्या डब्यात घोळून स्वच्छ करायचा. तोंडाने मला शिव्या चालू. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या. मी इकडेतिकडे बघत नव्हतो.

मग तो शुक्रवार. अडीच वाजता चढावर आलो, जिथून माळ पहिल्यांदा दिसतो. रस्त्याच्या कुंपणाशी सगळी गुरं येऊन दाटली होती. दोनशे असतील. वारा पिसाट होता, आणि सगळी त्याच्याकडे तोंड करून उभी होती. हंबरत नव्हती, चरत नव्हती. माळाकडे बघत होती.

मीही बघितलं. बाई स्टुलावर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ, डोंगरांकडे तोंड. त्यांचा स्कार्फ हलत नव्हता. त्यांच्यामागे, मी जिथे उभा राहायचो तिथे, ती उभी होती. पाठमोरी. मान बाईंच्या खांद्यावरून खाली, चित्र बघायला वाकल्यासारखी. बाईंचा पिकअप शेजारीच होता आणि तो लहान दिसत होता. तिला शेपूट नव्हतं. चारही वेळा मी शेपूट काढायलाच विसरलो होतो, हे मला त्या चढावर कळलं.

बाई बोलत होत्या. डोकं हलत होतं, एकदा खांदे हसल्यासारखे हलले. मग त्यांनी मागे न बघता खांद्यावरून खडू धरला.

तो घेतला गेला.

माझा तळवा हॉर्नवर होता. दाबला असता तर बाईंनी वळून बघितलं असतं. पण नुसत्या बाईंनीच नाही. ती मान वर येईल, वळेल, आणि जे मी कधी काढलं नाही ते मला दिसेल, याची मला भीती वाटली. गाडी मी मागे घेतली. अर्धा मैल, उलटी, इंजिनाचा आवाज होणार नाही इतकी हळू. टपाल फाटकाच्या खांबाला बांधलं आणि घरी गेलो. पेलोला सांगितलं की रेडिएटर तापला, आज जाणं झालंच नाही.

९

रविवारी फोरमनला बाई स्टुलाशेजारी सापडल्या. डॉक्टर म्हणाले हृदय, शुक्रवारीच थांबलं असावं. झोप लागल्यासारखा चेहरा होता, असं सगळे म्हणाले. मी पेटीत डोकावलो नाही.

दफनानंतर जुनेटने मला बाजूला घेतलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, पण तिने माझे आभार मानले. म्हणाली, तुम्ही कबूल केलंत म्हणून मावशीला हे शेवटचे दिवस तिच्या मनासारखे मिळाले. मग तिने कागदात गुंडाळलेलं शेवटचं चित्र काढलं. माळ, डोंगर, उजेड. गाय कुठेच नव्हती. फक्त उजव्या कडेला, खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा एक ओला डाग होता. तिथला रंग कोणीतरी चाटून नेल्यासारखा कागदापर्यंत उघडा पडला होता.

"हेही तुम्हीच ना?" तिने जरा हसून विचारलं. रागावली नव्हती. तिला फक्त हो ऐकायचं होतं.

"मीच," मी म्हणालो.

ती थबकली. मला कळायच्या आधी तिला कळलं. "म्हणजे शुक्रवारी तुम्ही होतात तिथे? ती एकटी नव्हती?"

नाही म्हणायला आता जागाच उरली नव्हती. मी मान हलवली.

"काय म्हणाली ती?"

पेलो, फोरमन, पाद्रीबाबा, सगळे जरा लांब, टोप्या हातात घेऊन आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हसत होत्या. मला शिव्या घालत होत्या नेहमीसारख्या. मी मागे उभा होतो, आणि खडू घेत होतो."

जुनेटने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पिकअपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात शेवटचं वाक्य सोडलं तर मी काहीच खोटं बोललो नव्हतो. बाई खरंच हसत होत्या. शिव्याही माझ्याच नावाने चालल्या असणार. मागे मीच उभा आहे, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.